किल्ला खाली गावात उतरलाय

आई-बाबा इकडे आले की पहिले दोन आठवडे बरे जातात. लंडन होतं, नदीवरची बोट होते, म्युझियममध्ये आपल्याकडच्या मूर्ती आणि तलवारी काचेमागे बघून बाबांचं एकदा चिडून होतं, आणि मग एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते विचारतात, "इथे जवळपास एखादा किल्ला नाही का गं?"

मागच्या वेळी मी भाबडेपणाने विंडसर दाखवलं होतं. सगळं बघून झाल्यावर बाहेर येऊन म्हणाले, "चांगलं आहे, पण हा किल्ला कसला, इथे तर माणसं नांदतायत." त्यांना पडका लागतो. गवत उगवलेला, भिंतीतून आभाळ दिसणारा. त्यांचं आजोळ वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या अगदी सावलीतलं, लहानपणी सुट्टी लागली की तिकडेच, त्यामुळे किल्ला म्हणजे गुरं चरणारी जागा अशीच त्यांची मूळ व्याख्या आहे. पुढे बांधकाम खात्यात नोकरी केली आणि त्या व्याख्येत चुना, सांधा, जोतं, भार असले शब्द येऊन बसले. असा माणूस घेऊन किल्ला बघायला जाणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत.

तर यंदा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही कॉर्फला गेलो. कॉर्फ कासल, डॉर्सेट. आमच्या घरापासून गाडीने दोन-सव्वादोन तास, पण सुट्टीचा दिवस आणि अख्खं दक्षिण इंग्लंड समुद्राकडे निघालेलं, त्यामुळे तीन लागले. वेअरहॅम गाव मागे पडलं की सपाट माळ लागतो, समोर पर्बेकच्या टेकड्यांची एक लांबलचक आडवी रांग दिसते, आणि त्या रांगेला एकाच ठिकाणी खाच पडलेली आहे, त्या खाचेत मधोमध एक वेगळी टेकडी, आणि तिच्यावर तो. मोडक्या दातांसारखा. मी काही बोलायच्या आत बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले, "खिंड आहे ही. खिंड राखायला बांधलाय." नंतर मी त्यांना सांगितलं की कॉर्फ हे नावच जुन्या इंग्रजीतल्या कापणे या अर्थाच्या शब्दावरून आलंय, म्हणजे कापलेली जागा, खिंडच. त्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू नाव त्यांनीच ठेवलं होतं.

गाडी टेकडीच्या पलीकडच्या पार्किंगमध्ये लावावी लागते आणि मग पायथ्याने, ओढ्याच्या काठाकाठाने, टेकडीला वळसा घालून गावात यायचं. वाट छान आहे, सावलीची, आणि एकीकडे वर बघत राहिलं की भिंती दर पावलाला आकार बदलतात. ओढ्याच्या बाजूला गवतात मोठाले दगडी गोळे पडलेले आहेत. दगड म्हणत नाहीये मी, गोळे. एकेक छोट्या टेम्पोएवढा, आणि प्रत्येकात पंधरा-वीस चिरे अजून एकमेकांना चिकटलेले. बाबा तिथेच थांबले. हात लावून बघितला, नखाने सांध्यातला चुना खरवडायचा प्रयत्न केला (मी इकडेतिकडे बघून घेतलं कोणी ओरडतंय का), आणि म्हणाले, "हा किल्ला पडलेला नाहीये. पाडलाय."

"कशावरून?"

"अगं, पडलेली भिंत दगड दगड होऊन पडते. पाणी मुरतं, झाड उगवतं, आधी वरचा थर जातो, मग खालचा. हे तुकडे बघ, सांधा सुटलेलाच नाही. खालून उडवलंय. दारू."

अगदी बरोबर. १६४६ साली पार्लमेंटने ठराव करून हा किल्ला उडवला. पायाखाली खणून सुरुंग लावले आणि जेवढं पडलं तेवढं पडलं, बाकीचं तसंच सोडून दिलं. मी हे आधी वाचून आले होते, त्यामुळे मला थोडंसं वाईट वाटलं की माझं सस्पेन्स पार्किंगपासून दीडशे पावलांवरच संपलं.

गावचा चौक लहानसा आहे. मध्ये एक दगडी क्रॉस, बाजूला देऊळ म्हणजे चर्च, दोन पब, एक चहाचं दुकान, आणि चौकाच्या एका कोपऱ्यातूनच किल्ल्यावर जायचा रस्ता. गावाचं नावही कॉर्फ कासलच. म्हणजे आपल्याकडे गडाचं नाव तोरणा आणि गावाचं वेल्हे असतं तसं नाही, इथे दोघांचं एकच नाव, पत्रावर लिहिलं तर पत्र गावात येणार. आईने तिकीटखिडकीपाशी उभं राहून वरचा चढ बघितला, मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं आणि निर्णय दिला, "तुम्ही जा वर. मी गाव बघते." बाबा तोपर्यंत तिकिटाच्या पौंडांचा रुपयांत गुणाकार करत होते. आई वर येत नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं त्याबद्दल त्यांना दिवसभर ऐकावं लागलं.

वर जाताना आधी खंदकावरचा दगडी पूल आणि बाहेरचा दरवाजा लागतो. मग एक लांबच लांब हिरवा उतार, आणि त्याच्या वरच्या टोकाला दुसरा दरवाजा. हा दुसरा दरवाजा मी जन्मात विसरणार नाही. दोन बुरूज आणि मध्ये कमान अशी त्याची मूळ रचना. सुरुंगाने झालं काय, की त्यातला डावीकडचा अर्धा भाग खालची जमीन गेल्यामुळे सरळच्या सरळ खाली सरकला. उभाच राहिला, फक्त चांगला माणूसभर खाली. म्हणजे कमानीचा उजवा अर्धा वर संपतो आणि डावा अर्धा खाली सुरू होतो. लोखंडी गजांचा दरवाजा वरून खाली सोडायची जी खाच असते दगडात कोरलेली, ती या बाजूला इथे आणि त्या बाजूला तिथे. लोकं त्या फटीत उभं राहून फोटो काढत होती. बाबा मात्र कमानीखाली मान वर करून पाच मिनिटं उभे होते, मागे ट्रॅफिक जॅम. एक आजोबा कुत्र्याला घेऊन थांबले होते, त्यांना बाबा मराठी-इंग्रजीत म्हणाले, "सी, सेटलमेंट, बट नो क्रॅक!" त्या आजोबांनी अतिशय गंभीरपणे मान हलवली. मला वाटतं दोघंही आयुष्यात कधीतरी गळक्या छपराशी लढलेले असावेत, त्याशिवाय इतकी समजूत येत नाही.

बालेकिल्ला टेकडीच्या माथ्यावर. टेकडीच साधारण ५५ मीटर, आणि त्यावर हा २१ मीटर. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला पहिल्या हेन्रीसाठी बांधलेला, सगळा पर्बेकच्या चुनखडीचा. आता त्याची एक बाजू जवळजवळ पूर्ण उभी आहे आणि बाकीच्या बाजू नाहीतच, त्यामुळे आत उभं राहिलं की एखाद्या इमारतीचा उभा छेद काढलेला नकाशा बघतोय असं वाटतं. मजल्यांच्या तुळयांची भोकं दिसतात, चुलीची जागा दिसते, भिंतीच्या जाडीत घेतलेला शौचकूप दिसतो. बाबांनी मला तुळयांची भोकं मोजायला लावली. वारा एवढा होता की त्यांची टोपी दोनदा उडाली आणि दुसऱ्यांदा ती पकडायला धावताना ओल्या गवतावरून घसरून ते बसलेच खाली. लागलं नाही काही. "आईला सांगू नकोस" म्हणाले. (आई, तू वाचत असशील तर, सॉरी.) वरच्या भोकाभोकांत कावळ्यासारखे, पण लहान आणि करड्या मानेचे जॅकडॉ पक्षी बसलेले, ते या सगळ्यावर जोरजोरात बोलत होते.

राजे-रजवाडे इथे बरेच होऊन गेले. जॉन राजाचा हा लाडका किल्ला, त्याने वर एक छान राहायचा महालही बांधला, आणि त्याच राजाने १२०२ मध्ये पकडून आणलेल्यांपैकी २२ सरदार इथे कोंडून उपाशी मारले. पुतणीलाही कैदेत ठेवलं होतं. त्याच्याही आधी, ९७८ मध्ये, किल्ला असा बांधलेलाही नव्हता तेव्हा, एडवर्ड नावाचा कोवळा राजा इथे आपल्या सावत्र आईकडे आला, घोड्यावरूनच त्याला प्यायला पेला दिला आणि तेवढ्यात भोसकला, अशी कथा आहे. गादी सावत्र भावाला. बाबा म्हणाले, "म्हणजे काका मला वाचवा." फरक इतकाच की इथे काकाच्या जागी सावत्र आई, आणि त्या पोराला पुढे संत केलं. गावातलं चर्च त्याच्याच नावाचं आहे.

पण आम्हाला वर सगळ्यात जास्त वेळ लागला तो एका बाईपायी. मेरी बँक्स.

सर जॉन बँक्स म्हणजे राजाचा मोठा न्यायाधीश, त्यांनी १६३५ च्या सुमारास हा किल्ला विकत घेतला. मग राजा विरुद्ध पार्लमेंट अशी यादवी लागली. नवरा राजाबरोबर ऑक्सफर्डला, आणि ही इकडे किल्ल्यात मुलंबाळं, दासी आणि सुरुवातीला जेमतेम पाच गडी घेऊन. आजूबाजूचा सगळा मुलूख पार्लमेंटच्या ताब्यात. १६४३ च्या मे महिन्यात चाळीस एक खलाशी पहाटे दारात आले, किल्ल्यातल्या चार लहान तोफा द्या म्हणाले. बाईने बोलता बोलता वेळ काढला आणि तेवढ्यात त्या पाच गड्यांनी आणि दासींनी मिळून एक तोफ गाड्यावर चढवली आणि उडवली. खलाशी पळाले. पण तिला कळत होतं की हे रोज जमणार नाही. म्हणून मग तिने त्या तोफा चक्क देऊन टाकल्या, तह केल्यासारखं दाखवलं, समोरचे निर्धास्त झाले, पहारा ढिला पडला, आणि तेवढ्या दिवसांत हिने धान्य आणि दारूगोळा आत भरून घेतला, राजाकडून थोडे सैनिकही मागवले. हे वाचून झाल्यावर बाबा आणि मी एकमेकांकडे बघितलं. हा डाव आपल्याला नवीन नाही ना! नमतं घ्यायचं, पत्र गोड लिहायचं आणि रात्रीतून कोठार भरायचं.

मग खरा वेढा पडला. पाच-सहाशे माणसं. त्यांनी लाकडी फळ्यांची, आत लोकर भरलेली, चाकांवरची एक ढाल-गाडी बनवली, भिंतीपर्यंत लपत जायला. नाव ठेवलं डुक्करीण. गाडीने अंग झाकलं पण पाय उघडेच, किल्ल्यातल्यांनी बंदुका पायांवर रोखल्या आणि डुक्करीण जागच्या जागी. शेवटच्या हल्ल्यात पहिला भिंत चढेल त्याला २० पौंड जाहीर केले, वर दारूही पाजली. वरच्या भागाची राखण स्वतः मेरीबाई, तिच्या मुली, दासी आणि पाच सैनिक करत होते, त्यांनी शिड्यांवरच्यांच्या डोक्यावर दगड आणि जळते निखारे ओतले. सहा आठवड्यांनी, ४ ऑगस्टला, वेढा उठला.

नवरा पुढच्याच वर्षी वारला. पुढचा वेढा १६४५ मध्ये, आणि १६४६ च्या फेब्रुवारीत किल्ला गेला. लढून नाही. फितुरीने. आतलाच पिटमन नावाचा अधिकारी, कुमक आणतो म्हणून बाहेर गेला आणि कुमक म्हणून शत्रूची माणसं आत घेऊन आला. बाबा त्या पाटीसमोर "छे छे छे" करत राहिले, जसं काही काल झालंय. म्हणाले, "बाहेरून एकही किल्ला जात नाही बघ." मेरीबाईला मात्र शत्रूनेही मानाने जाऊ दिलं, आणि किल्ल्याच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. (मराठीत हे वाक्य लिहिताना मजा येते.) त्या किल्ल्या अजून आहेत, बँक्स घराण्याच्या नंतरच्या वाड्यात, किंग्स्टन लेसीला, भिंतीवर टांगलेल्या. ज्या दारांच्या त्या किल्ल्या ती दारं ओढ्यात गेली, किल्ल्या राहिल्या.

आता १६४६ या आकड्याची गंमत बघा. शाळेत शिकलेलं आठवा, तोरणा स्वराज्यात आला तो याच सुमारास, १६४६-४७. तिकडे एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पहिला गड घेऊन त्याची डागडुजी करतोय, समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड करायला घेतोय, आणि इकडे हे लोक हातातला चांगला किल्ला भोकं पाडून दारू भरून उडवतायत. बाबा त्या बालेकिल्ल्याच्या सावलीत बसून हा हिशोब करत होते. मग म्हणाले, "आणि हेच लोक १८१८ ला आपल्याकडे आले."

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे माहीत सगळं होतं, जोडलं नव्हतं. पेशवाई संपली तेव्हा इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अलंग-मदनला आज दोर लावून चढावं लागतं ते त्यामुळेच. हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्या राहिल्या ते नशीब. रायगडावर तर मे १८१८ मध्ये तोफांचा असा मारा केला की वर आग लागून बांधकामं जळून गेली, आणि तिथेही वर एक बाईच होती, दुसऱ्या बाजीरावाची बायको वाराणसीबाई, तिलाही शेवटी मानाने खाली जाऊ दिलं. किल्ला राहिला तर उद्या कोणीतरी त्यात शिरून परत उभा राहील, म्हणून तो राहण्यालायकच ठेवायचा नाही, एवढं साधं गणित. मी इतकी वर्षं समजत होते की ते आपल्याशीच असं वागले. ते आधी स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच न्यायाधीशाच्या विधवेच्या घराशी असं वागून बसले होते. यामुळे आपल्या पायऱ्या परत येत नाहीत, आणि राग कमी व्हायचंही काही कारण नाही, पण रागाची बसायची जागा जरा बदलली माझ्या. बाबा त्यांच्या पद्धतीने म्हणाले, "म्हणजे आधी घरात प्रॅक्टिस केली."

तेवढ्यात खालून शिट्टी ऐकू आली आणि वाफेचं इंजिन गावाच्या कडेने धूर सोडत निघालं. ही स्वॉनिजची रेल्वे. १९७२ मध्ये तोट्यात म्हणून बंद केली, रूळसुद्धा उपटून नेले, आणि मग हौशी लोकांनी जमून वर्षानुवर्षं राबून रूळ परत टाकले, १९९५ मध्ये गाडी परत कॉर्फपर्यंत आली. बाबांना हे फारच आवडलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते आणि मग इंजिनिअरचा प्रश्न विचारला, "रेल्वे परत बांधली, मग हा का नाही बांधला?"

माझ्याकडे उत्तर होतं, ते आजकालचं, की पडझड आहे तशी जपणं हेच आता योग्य मानतात, नवीन बांधलं तर ते खोटं होतं, वगैरे. १९८१ मध्ये बँक्स घराण्याच्या शेवटच्या मालकाने मृत्युपत्रात हा किल्ला, गावाचा मोठा भाग, तो किंग्स्टन लेसीचा वाडा, सगळं नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं, आणि तेव्हापासून तेच याची निगा राखतात. हे सगळं मी सांगितलं. बाबांनी "हं" केलं. त्यांच्या "हं"चे प्रकार आहेत, हा न पटलेला होता.

खरं उत्तर खाली गावात आईकडे होतं.

आई चौकातल्या बाकावर नव्हती, चर्चमध्ये नव्हती, चहाच्या दुकानात नव्हती, फोन उचलत नव्हती. माझ्या पोटात गोळा. शेवटी सापडली ती एका बागेत, खोट्या गावात. म्हणजे गावात एक छोटं मॉडेल आहे, कॉर्फचंच, एकास वीस मापाचं, खऱ्या दगडाच्या तुकड्यांनी बनवलेलं, १६४६ मध्ये सुरुंग लागायच्या आधी किल्ला आणि गाव जसं असेल तसं. त्याच्या मागे खऱ्या टेकडीवर खरा मोडका किल्ला दिसतो आणि पुढ्यात हा अखंड. मापाने बघितलं तर बालेकिल्ल्याची उंची जेमतेम एक मीटर भरते. आई त्याच्या बाजूला पर्स धरून उभी, अगदी लिलिपुटमधल्या गलिव्हरसारखी, आणि आम्हाला बघून म्हणाली, "आलात? मी पूर्ण किल्ला बघितला. तुम्ही तुकडे बघून आलात."

मग तिने आम्हाला गाव फिरवलं. तासाभरात तिने काय काय जमवलं होतं! चर्चमध्ये एका बाईने तिला सांगितलं की वेढ्याच्या वेळी हल्लेखोर चर्चमध्ये घुसून तिथूनच तोफा डागत होते, छपराचं शिसं काढून त्याच्या गोळ्या ओतल्या, ऑर्गनच्या नळ्यांत बंदुकीची दारू भरली, पाद्र्यांचे पांढरे झगे फाडून शर्ट शिवले. आईला झग्यांचं फारसं वाटलं नाही, पण छपराचं वाटलं. "देवाच्या डोक्यावरचं काढलं मेल्यांनी." मग ती आम्हाला टाऊन हॉलपाशी घेऊन गेली, जो इंग्लंडमधला सगळ्यात लहान म्हणून मिरवतो आणि आपल्या एखाद्या सोसायटीच्या ऑफिसइतकाच आहे. इथे दरवर्षी श्रोव्ह ट्यूजडेला, म्हणजे त्यांचा लेंट हा उपासाचा काळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, पर्बेकच्या दगडफोड्यांची पंचायत भरते. पिढ्यानपिढ्यांचे नियम. नवीन पोराला धंद्यात घ्यायचं तर त्याने ६ शिलिंग ८ पेन्स, एक पाव, आणि पबमधून एक भांडं बिअर आणून द्यायची, आणि आणताना बाकीचे ती सांडवायचा प्रयत्न करणार. मग एक फुटबॉल लाथाडत जुन्या वाटेने बंदराकडे न्यायचा आणि त्या वाटेच्या हक्कापोटी एक पौंड मिरी द्यायची. काळी मिरी! ती कुठून येत असेल हे सांगायची गरज नाही. आईने यावर एकच प्रश्न विचारला, "एक पौंड म्हणजे किती?" आणि अर्धा किलोच्या आत आहे म्हटल्यावर "महाग पडत असेल" म्हणून पुढे निघाली.

या गावात शेकडो वर्षं पर्बेक मार्बल घडवलं गेलं. म्हणायला मार्बल, मुळात शंखशिंपल्यांनी गच्च भरलेला चुनखडीच, पण पॉलिश घेतो. वेस्टमिन्स्टर ॲबीचे, सॉल्सबरी कॅथेड्रलचे ते काळसर उभे खांब याच दगडाचे. म्हणजे सगळं गावच पाथरवटांचं. आणि १६४६ मध्ये अशा गावाच्या डोक्यावर कोणीतरी हजारो टन आयते घडवलेले चिरे उधळून दिले. पुढचं काय झालं असेल ते सांगायला इतिहासकार कशाला पाहिजे.

वेस्ट स्ट्रीटवर एका बुटक्या घरापाशी आई थांबली. भिंत गावातल्या सगळ्या भिंतींसारखीच, करडी, ओबडधोबड, छपरावरसुद्धा दगडी फरशा, त्यांच्या भाराने आढं मध्ये किंचित वाकलेलं. खिडकीखाली कुंडीत जिरॅनियम. आणि कुंडीच्या मागे, ओबडधोबड दगडांत एकच चिरा असा की ज्याला एका कडेला गोलाई दिलेली, सफाईदार, बोट फिरवावं अशी. एखाद्या खिडकीच्या किंवा कमानीच्या बाजूचा असणार. इथे तो आडवा बसवलेला, गोलाई जमिनीकडे, काही संबंध नसल्यासारखा. आई म्हणाली, "त्या घरातली म्हातारी बाहेर झाडाला पाणी घालत होती, तिने दाखवला. वरचा आहे म्हणाली. अर्धं गाव वरचंच आहे म्हणाली."

बाबा वाकून बघत होते. मी आईला त्यांचा वरचा प्रश्न सांगितला, की रेल्वे परत बांधली मग किल्ला का नाही बांधला. आईने रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांकडे एकदा बघितलं.

"बांधायचा तर ही सगळी घरं पाडावी लागतील की. दगड इथे आहेत."

यावर बाबांचा जो "हं" आला तो वेगळा होता.

नंतर चहा प्यायला बसलो, स्कोन आणि त्यावर ते घट्ट साय आणि जॅम, आईने साय काढून ठेवली, बाबांनी तिची पण खाल्ली. समोर खिडकीतून किल्ला. बाबा बराच वेळ गप्प होते आणि मग आजोळच्या घराचं बोलायला लागले. त्या घराच्या ओट्याला, पायरीच्या उजव्या हाताला, एक घडीव चिरा होता, त्यावर कमळासारखं काहीतरी कोरलेलं, आणि सगळे म्हणायचे तो गडावरचा आहे. बाबा लहानपणी त्यावर बसून पाय हलवायचे. मोठे झाल्यावर, दोन पुस्तकं वाचल्यावर, त्यांना त्याची लाज वाटायला लागली, मामाशी एकदा भांडले पण होते की गडाचे दगड घराला लावता, काही वाटतं का. मामा म्हणाला होता, "आम्ही नाय आणला, गडानंच पाठवला." बाबांना तेव्हा तो उर्मटपणा वाटला. मामा जाऊन आता पंचवीस वर्षं झाली.

मला यात दोन्ही बाजू पटतात, खरं सांगायचं तर. आपल्याकडे कोणी गडावरून दगड आणला की ती चोरी आणि इथे तेच केलं की गावाचं सौंदर्य, आणि त्यावर चहाचं दुकान चालतं, हे बघून चिडचिड होते. पण म्हणून उद्या कोणी ट्रॅक्टर लावून राजगडावरून चिरे उतरवायला लागला तर त्याला मी पहिली अडवीन. गेलेला दगड जिथे बसलाय तिथे सांभाळावा आणि राहिलेला वर सांभाळावा, एवढंच मला सुचतं, आणि हे नीट मांडायला गेलं की दोन्हीकडची माणसं रागावतात, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर अनुभवून झालंय.

परत येताना बाबांनी गाडीतूनच मामेभावाला मेसेज केला. आपल्या ओट्याला उजव्या हाताचा तो कोरलेला चिरा आहे ना, त्याचा फोटो पाठव. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, आई म्हणाली, झोपला असेल, सकाळी करा. पण दहा मिनिटांत फोटो आला. टॉर्च मारून काढलेला. ओट्याला आता चॉकलेटी रंगाच्या चकचकीत टाईल्स आहेत, पायरीशेजारी मोटरसायकल लावलेली, आणि टाईल्सच्या मध्ये एक चौकोन मोकळा सोडलेला. त्यात तो चिरा. कमळावर ऑइलपेंट मारलाय, पाकळ्या गुलाबी, देठ हिरवा.

खाली मामेभावाने लिहिलं होतं, "मिस्त्री म्हनला काढून टाका, बाबा नाय म्हनले व्हते म्हनून ठेवला. का ओ दादा, काय झालं?"

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो बोटांनी मोठा केला, सांध्यापाशी नेला, आणि म्हणाले, "ग्राउटिंग चांगलं केलंय."